काटा भरलेलाच होता

लाइट येईल तेव्हा येईल. माझ्या ओळखीतल्या माणसाबाबत घडलेलं सांगतो, ऐका पोरांनो.

सगळे त्याला दादा म्हणायचे. आग विझवणारे जवान धुरात शिरताना पाठीवर हवेचा सिलिंडर बांधतात, तो तपासायचं त्याचं काम. आत पाणी भरून दाब द्यायचा, टिकला तर पाणी काढून आतून खडखडीत वाळवायचा आणि मगच शिक्का ठोकायचा. दादाचं मात्र वरातीमागून घोडं. शिक्का आधी, वाळवणं मागून. त्याचा धाकटा भाऊ त्याच जवानांत. तो थट्टेने म्हणायचा, दादाचा शिक्का दिसला की मी डोळे मिटून श्वास घेतो.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचं जेवण चाललेलं. बायको लेकीला रागावली, बाटली ओलीच झाकलीस, वास मारेल. दादाचा घास हातातच राहिला. पावसाळ्यात वीज गेली होती, तेव्हा भावाचा सिलिंडर ओलाच बंद करून दिला होता. ओलीने आत गंज धरतो. गंज हवेतला प्राणवायू खातो. दाबाचा काटा मात्र सिलिंडर भरलेलाच दाखवतो.

भाऊ फोन उचलेना. दादाने एक चांगला भरलेला, सीलबंद सिलिंडर स्कूटरवर पायाशी बांधला आणि अग्निशमन केंद्राकडे निघाला.

केंद्राच्या अलीकडच्या वळणावर भाऊच उभा. अंगात पूर्ण पोशाख, तोंडावर मास्क, पाठीवर तोच सिलिंडर. दादाच्या जिवात जीव आला. बस मागे, म्हणाला. भाऊ बसला. पण स्कूटर जराही दबली नाही.

"तो काढ आधी. हा नवा घे."

 मास्कमधला श्वास तेवढा कानाशी.

"रागावलास होय रे?"

श्वास... बऱ्याच वेळाने आणखी एक...

"बोल की, बाळा..."

मग श्वासही थांबला.

दादाने मागे पाहिलं नाही. हिंमतच झाली नाही.

केंद्राचं फाटक सताड उघडं. गाडी गोदामाच्या आगीवर गेलेली. म्हातारा पहारेकरी फोन हातात धरून पायरीवर बसला होता. दादाला बघून त्याने मान खाली घातली.

"आत्ताच बाहेर काढलं त्याला. काटा भरलेला होता म्हणतात. मग गुदमरला कसा रे?"

दादा वळला. मागची सीट रिकामी.

पायाशी बांधलेला सिलिंडर तसाच होता. तो मी नंतर स्वतः हातात घेऊन पाहिलाय.

सील शाबूत.

काटा शून्यावर.