कोपऱ्यातला पांढरा

दर रविवारी सकाळी सात वाजता तेलीबांधा तलावाच्या काठावर लोखंडी जाळीचं कुंपण उभं राहायचं. आत नऊ कुत्री, बाहेर टेबल, टेबलावर दत्तक घेण्याचे अर्ज आणि टेबलामागं कुमुद. तात्यापाऱ्याच्या मराठी वस्तीतली ही बाई वीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली. जे दिसलं तेच लिहायचं, ही तिची सवय.

आता घाई होती. कुत्री ठेवलेली भनपुरीची शेड मालकाला महिनाअखेर रिकामी हवी होती आणि तीनच रविवार उरले होते. घरं मिळाली नाहीत तर कुत्री ट्रकांच्या रस्त्यावर सोडायची, हे कुमुदला ठाऊक होतं आणि गाडी चालवणाऱ्या शिशिरलाही. दोघंही त्यावर बोलत नसत.

पहिल्या रविवारी एक आजोबा जाळीपाशी बराच वेळ उभे राहिले.

"वो कोने वाला सफेद दे दो, बेटी."

कोपरा रिकामा होता. कुमुदनं ठिपक्यांची लाली पुढं केली. "ये नहीं, वो जो बैठा है," म्हणत आजोबा थोडा वेळ थांबले आणि तसेच निघून गेले.

मग बीरगांवचं एक जोडपं आलं. त्यांची मुलगी कोपऱ्याशी उकिडवी बसली, जाळीतून बोटं आत घातली, खुदकन हसली आणि बोटं फ्रॉकला पुसली. फ्रॉकवर ओला डाग उमटला. तिलाही तोच हवा होता. दुपारपर्यंत अकरा जणांनी त्यालाच मागितलं. बाकीच्यांकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

ऊन चढलं तशी कोपऱ्यात तेवढी सावली उरली. नऊही कुत्री उन्हात धापा टाकत उभी राहिली, पण तिकडं एकही सरकलं नाही.

"शिशिर, त्या कोपऱ्यात तुले काही दिसून राहिलं का?"

"पांढऱ्याचं विचारून राहिल्या का, दीदी? काहून? आपलाच तर आहे."

"कधी आणला आपण?"

शिशिरच्या कपाळावर आठ्या पडल्या. "होताच ना तो," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या रविवारीही तेच. शेवटी यामिनी नावाच्या एका मध्यमवयीन बाईनं कोपऱ्याकडं बोट दाखवलं, तेव्हा कुमुदनं अर्ज ओढला. रंगाच्या रकान्यात लिहिलं, 'पांढरा'. न दिसलेली गोष्ट तिनं आयुष्यात पहिल्यांदा लिहिली. कोपरा मोकळा झाला तर लोकांची नजर बाकीच्यांवर पडेल, एवढाच तिचा हिशेब.

यामिनी वाकली. दोरीचा हूक खट्कन लागला. दोरी ताणली गेली आणि बाईच्या पुढं पुढं डोलत फाटकाबाहेर गेली.

लाली उठून सावलीत जाऊन पडली. मागोमाग बाकीची आठ. कुमुदला किती दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

शेवटच्या रविवारी ती तयारीनं आली. आदल्या दिवशी सगळ्यांना साबण लावून न्हाऊ घातलं होतं. शिशिरनं गाडीचं दार उघडलं, पटापट नऊ उड्या पडल्या. लोक आले. जाळीच्या आत डोकावले आणि पुढं गेले.

"आज डॉग्स नहीं लाए क्या, मैम?" एका तरुणानं विचारलं.

लाली त्याच्या गुडघ्यापाशी उभी होती. तिची शेपटी जाळीवर खणखण आपटत होती. त्यानं खाली पाहिलं नाही.

"शिशिर, सांग ना यांना!"

"काय सांगू, दीदी? गेले ना सगळे मागच्या रविवारीच."

"मग आज जाळी काहून लावली?"

शिशिर जाळीची गाठ सोडू लागला.

"तुम्ही म्हटलं म्हणून," तो हळूच म्हणाला.

मग त्यानं जाळी मिटली. टेबल मिटलं. "चलता, दीदी? घरी सोडतो." तिनं नकारार्थी मान हलवली. गाडी निघून गेली.

कुमुद घाटाच्या पायरीवर बसली. नऊही तिच्याभोवती घुटमळत होती, फरशीवर नखं टकटकत होती. लालीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. जड, गरम. कुमुद तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

फिरायला आलेली एक बाई थबकली.

"का होगे, दीदी? क्या हुआ? हाथ ऐसे क्यों हिला रही हो?"

"कुछ नहीं."

बाई दोनदा मागं वळून बघत गेली.

कुमुदचा हात थांबला नाही. तळव्याखाली केस होते, केसांखाली श्वास. ती समोर पाण्याकडंच बघत राहिली. मांडी रिकामी दिसली तर? खाली बघायचा धीर तिला होईना.

फरशीवरची टकटक थांबून बराच वेळ झाला होता.