राघूनानांच्या दरडीवर

आपल्या बापाला कुणी वेडा म्हणावं आणि आपण गप उभं राहून ऐकावं, हे काही चतुराच्या रक्तात नव्हतं.

रविवारची सकाळ होती. माघ अर्धा सरला होता आणि बांधावरच्या पळसाखाली केशरी फुलांचा सडा पडला होता. शेंद्र्याच्या कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या चतुराला आठवड्यातून हा एवढाच दिवस शेतात यायला मिळायचा. बापाची न्याहारी घेऊन ती ओढ्याशी आली, तर अलीकडच्या काठावर दहा-पंधरा बायापोरं माना वर करून उभी, आणि त्यांच्या पुढं एक उंच, सडपातळ माणूस हात लांब करून सांगत होता, "तो बघा, वेडा राघू. सारखा तिथंच बसतो. मधूनच उठतो, एक चक्कर मारतो आणि फिरून त्याच जागेवर येऊन बसतो. दिवसभर हाच उद्योग."

चतुरानं त्याच्या बोटाच्या रोखानं पाहिलं. पलीकडच्या दरडीवर, विजेच्या तारेखाली, तिचा बाप धोंड्यावर बसून लिंबाच्या काडीनं दात घासत होता. रघुनाथ हे त्याचं कागदावरचं नाव. साऱ्या शिवाराला तो राघूनाना म्हणूनच ठाऊक होता. आणि तेवढ्यात नाना उठलेही, कांद्याच्या वाफ्याला एक चक्कर मारली आणि परत त्याच धोंड्यावर येऊन टेकले.

"ओ पाव्हणं," चतुरा पुढं झाली. "दिवसभर काय करत्यात ते बघायला तुम्ही इथं मुक्कामाला व्हता व्हय? तांबडं फुटायच्या आधीपासून पाणी धरत्यात माझे वडील."

तो माणूस वळला. "वडील?" त्यानं तारेकडं पाहिलं, मग तारेखाली पाहिलं, आणि त्याचा चेहरा पार उतरला. "अहो… ते नाहीत… ते वरचं. तारेवरचं. हिरवं."

तारेवर खरंच एक इवलंसं हिरवं पाखरू बसलं होतं. डोळ्यांत काजळ, शेपटीतून बाहेर आलेल्या दोन बारीक काड्या. तिच्यादेखत ते भुर्रकन उडालं, हवेत गिरकी घेतली आणि पुन्हा त्याच तारेवर येऊन बसलं.

"त्याचं नावच वेडा राघू आहे," तो अजिजीनं म्हणाला. "मी नाही हो ठेवलं."

बायांमधून हसण्याचा फवारा उडाला. त्यांत चतुराची पॅकिंगमधली मैत्रीण फहमिदाही होती. ती तर पोट धरून खालीच बसली. "अगे चतुरा, चिडिया का नाम है वो. किती भांडशील गे सकाळी सकाळी?"

चतुराला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण हार मानेल ती चतुरा कसली. "मग हळू सांगावं," ती म्हणाली. "माणसं पण असत्यात शिवारात."

"चुकलंच," तो म्हणाला. "आणि तुमचे वडील इथून अजिबात वेडे दिसत नाहीत."

"अन् तुम्ही?"

"मी… मी शाळेत चित्रकला शिकवतो."

आता मात्र तिला हसू आवरेना. तोही हसला, आणि हसताना त्याचे कान लाल झाले. अंबादास मास्तर त्याचं नाव. संभाजीनगरला सिडकोत राहायचा आणि शेंद्र्याच्या शाळेत शिकवायचा. रविवारी कंपनीतल्या बायकांना आणि त्यांच्या पोरांना घेऊन पाखरं बघायला निघायचा. विणीचा हंगाम आहे, घरटी जपायला माणसांना आधी घरटी दिसायला तरी हवीत, असं त्याचं म्हणणं. त्यानं दुर्बीण तिच्या हातात दिली. दरडीत मनगटाएवढी बिळं होती. एका बिळातून मातीचा धुरळा उडत होता.

"दोघं मिळून खणतात," तो हळूच म्हणाला. "एक दमला की दुसरा."

ह्या दरडीवर चतुरा लहानाची मोठी झाली होती. घसरगुंडी खेळली होती, गुडघे फोडून घेतले होते. पण त्या दरडीच्या पोटात कुणाचा संसार चाललाय, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं.

"तुमचं नाव?" मास्तरनं विचारलं.

"चतुरा."

"हं."

"हं म्हणजे काय?"

"नाव शोभतं, असं म्हणणार होतो. पण आज… आज नको म्हणावं."

त्या दिवशी न्याहारी गार झाली म्हणून नानांनी तिला चार शब्द सुनावले. ते तिच्या कानांपर्यंत गेलेच नाहीत.

पुढचे रविवार कसे आले आणि कसे गेले, विचारू नका. चतुरा आठवडाभर खोक्यांना पट्ट्या लावायची आणि शुक्रवारपासून गुणगुणायला लागायची. फहमिदा शेजारून म्हणायची, "पाखरं बघतेस का मास्तरला बघतेस, एकदा सांगून टाक ना गे." चतुरा म्हणायची, "पाखरंच." आणि चिकटपट्टी वाकडी लावायची.

पण सुख असं सरळ वाटेनं चालतंय कुठं? नानांनी त्या वर्षी कांद्याचं बी धरलं होतं. कांद्याच्या उंच दांड्यांवर पांढऱ्या फुलांचे गोंडे येतात, त्यांना डेंगळे म्हणतात. मधमाशी ह्या डेंगळ्यावरून त्या डेंगळ्यावर गेली तरच बी भरतं, नाहीतर नुसतं फोलपट. त्या साली माशा आधीच थोड्या. आणि एका दुपारी नानांनी डोळ्यांनी बघितलं, हिरव्या राघूनं हवेतल्या हवेत माशी धरली, तारेवर आपटली आणि गिळून टाकली.

"होळी झाली की जेसीबी लावतो," रात्री जेवताना नाना म्हणाले. "दरड पाडून सपाट करतो. बीळ नाय तर राघू नाय."

चतुराचा घास हातातच राहिला. बिळांत एव्हाना अंडी होती. दरड गेली की पाखरं जाणार, पाखरं गेली की रविवार जाणार, आणि रविवार गेला की मास्तरला ह्या वाटेला यायचं कारण तरी काय उरणार? जीव कुणासाठी तुटतोय, पाखरांसाठी की त्याच्यासाठी, हे तिनं स्वतःला विचारलं. दोघांसाठी, असं तिचं तिलाच खरं उत्तर मिळालं.

पुढच्या रविवारी तिनं मास्तरला पळसाखाली गाठलं. "नानांना सांगा, राघू माशा खातच नाय म्हणून. डास खातो म्हणा, टोळ खातो म्हणा. तुम्ही मास्तर, तुमचं ऐकतील ते."

नाना समोरूनच येत होते. त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "मास्तर, तुमचं हे पाखरू माझ्या माशा खातं का नाय?"

मास्तरनं एकदा चतुराकडं पाहिलं, एकदा नानांकडं.

"खातं, नाना. दुसरेही किडे खातं… पण माशा खातं."

नानांनी मान हलवली आणि ते वाफ्याकडं निघून गेले. चतुरा अशी तापली, की तिच्यावर भाकरी भाजून निघाली असती.

"एवढं एक खोटं बोलता आलं नाय तुम्हाला?"

"तुमच्या वडलांशी… नाही आलं."

"कामून?"

"पुढंमागं त्यांच्याकडं काही मागायचं झालं, तर… सुरुवात खोट्यानं नको वाटली."

तिचा राग जागच्या जागी थबकला. "काय मागायचंय?" तिनं खालच्या आवाजात विचारलं.

तो जमिनीकडं बघत राहिला. "सध्या… सध्या दरड," असं म्हणून तो नानांच्या मागं चालू लागला.

नाना एका डेंगळ्यावरून हलकेच तळवा फिरवत होते, मग शेजारच्या, मग त्याच्या पुढच्या. मास्तरनं विचारलं, "हे काय करताय, नाना?"

"माशीचं काम. माशी नसली की माणसाचा हात लागतो. पण एकट्याचा हात कुठवर पुरणार? समदी माणसं गेली कंपनीत. आज धा-वीस हात असते, तर राघूनं किती माशा खाल्ल्या, कोण बघत बसलं असतं?"

मास्तर म्हणाला, "हात आहेत, नाना."

"कुठं?"

"ते काय, ओढ्यावर उभे आहेत. आमच्या पाखरांनी तुमच्या माशा खाल्ल्या, तर त्यांचं काम आम्ही करू. फक्त पिल्लं उडेपर्यंत दरडीला हात लावू नका."

नानांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मघाशी खोटं बोलला असता ना, तर उद्याच जेसीबी आणला असता," ते म्हणाले. "बोलवा तुमच्या बायांना."

आणि मग त्या वाफ्यात जत्राच भरली. दव सुकलं की बाया सरीसरीतून चालायच्या, दोन्ही हात पसरून, ह्या फुलावरून त्या फुलावर. "जोरात नाय," नाना बजावायचे, "लेकराच्या डोक्यावरनं फिरवता तसा फिरवा." पोरं तोंडानं गुंग गुंग करायची. फहमिदा म्हणायची, "या अल्लाह, कंपनीत पॅकिंग आणि इथं मधमाशी, कसली नोकरी म्हणायची ही?" दोन पावलांवरचा वेडा राघू तारेवर बसून हे सगळं बघायचा आणि बिळाकडं किडे न्यायचा.

मास्तर आणि चतुरा एकाच सरीच्या दोन बाजूंनी चालायचे. मध्ये पांढरी फुलं. कधी दोघांचे तळवे एकाच डेंगळ्यावर पडायचे, आणि मग तो डेंगळा जरा जास्तच वेळ कुरवाळला जायचा.

धुळवडीला कुणी येईल असं चतुराला वाटलं नव्हतं. पण मास्तर आला, फहमिदा आणि पाच-सात बायांना घेऊन आला. अंगात पांढरा स्वच्छ सदरा.

"आजच्या दिवशी पांढरं घालून फिरायचं धाडस बरंय," चतुरा म्हणाली.

"इथं कोण रंग लावणार?"

तिनं आपले तळवे पाहिले. परागांनी पिवळे झाले होते. फुलांच्या वरून हात घालून तिनं तो पिवळा रंग त्याच्या गालाला लावला आणि मग स्वतःच्याच धिटाईनं गोरीमोरी झाली.

"कांद्याचा वास येतोय," तो पुटपुटला.

"मग पुसून टाका."

"नको… राहू दे."

तो तसाच, गालावर पिवळा पट्टा घेऊन, दिवसभर वाफ्यात फिरला. बायांनी काय काय विचारलं, पण पठ्ठ्या बधला नाही.

चैत्र आला. डेंगळे काढून ताडपत्रीवर वाळवले, बडवले, पाखडले. काळंभोर टपोरं बी निघालं. नाना ओंजळ भरून घ्यायचे आणि बोटांतून सांडू द्यायचे. एका रविवारी त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. चतुराच्या आईनं, सारजाबाईनं, पुरणपोळ्या केल्या. पंगत बसली तसे नाना उभे राहिले. त्यांना भाषण कधी जमलं नव्हतं.

"तुम्ही माझ्या रानात माशा झालात, म्हणून बी भरलं," ते म्हणाले. "हे म्या इसरणार नाय. अन् राघूचं पण भलं होवो. त्याच्यामुळं तुमची वळख झाली." मग ते उगाच तूप वाढायला लागले. चतुराला त्या क्षणी सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं, बायांच्या, पोरांच्या, दरडीच्यासुद्धा.

त्याच आठवड्यात पिल्लं उडाली. बिळं रिकामी झाली. पाखरांचा कार्यक्रमही संपला. उन्हं तापल्यावर पोरांना घेऊन कोण फिरणार? पुढचा रविवार उजाडला तेव्हा चतुरा शेतातल्या छपरात भांडी घासत बसली होती. ओढ्यावर चिटपाखरू नव्हतं. आज कुणी येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी वाटेकडं मान जात होती.

तेवढ्यात नानांचा आवाज आला. "या मास्तर. आज एकटेच?"

चतुराच्या हातातली परात निसटली.

"एकटाच आलो, नाना."

"दुर्बीण पण नाय आणली? अन् राघू तर उडून गेले समदे."

"हो. माहीत आहे."

"मग आज काय बघायला आलात?"

चतुरा कुडाला कान लावून उभी राहिली.

"तुमच्याशी खोटं बोलता येत नाही, नाना," मास्तर म्हणाला. "चतुराला… चतुराला बघायला आलो."

नाना खाकरले. मग सावकाश म्हणाले, "पोरगी बघायला असं एकट्यानं येत नसत्यात, मास्तर. आईवडलांना आणावं लागतं. रीतभात असती काही."

"आणतो, नाना. पुढच्या रविवारीच आणतो."

"थांबा की जरा. घाई कामाची नाय. आधी तिला तर इचारू." आणि त्यांनी छपराकडं तोंड करून हाक मारली, "चतुरे, मास्तर तुला बघायला यायचं म्हणत्यात. काय सांगू त्यांना?"

चतुरा ओले हात पदराला पुसत बाहेर आली. मास्तरचे कान लालबुंद झाले होते. तिनं त्याच्याकडं सरळ पाहिलं, आणि डोळे भरून आले तरी पापणी पडू दिली नाही.

"या म्हणावं," ती बापाला म्हणाली. "त्यांचं बघायचं राहिलं असंल, नाना… माझं तर माघातच बघून झालंय."