खारं पान

“अवो, ती पानं तोडू नगा!”

मी दचकून वर पाहिलं. कालव्याच्या भरावावर खांद्यावर फावडं टाकलेला एक अनोळखी गडी उभा होता... आणि डोळे असे, की मला नीट रागावताच येईना.

“वांगी आमची, पानं आमची. तुमाला काय त्याचं?”

तो खाली उतरलाच! नाव जोतीराम, गाव शेळगाव. एकोणीसशे चौतीस साली बारामतीकडं, रानात साचलेलं पाणी काढायला सरकारी चर खणायच्या कामावर होता. आमच्या पिंपळीच्या रानात कालव्याच्या पाण्यानं मीठ वर येऊन पांढरं फुटलं होतं. आम्ही शहाणे, रोपं सुकतात म्हणून आणखी पाणी सोडत होतो. ही वांगी गेली, तर माझे वडील, आबा, रान सोडून मला घेऊन लोणी भापकरला मामाकडं जाणार होते.

त्यानं मी खुडलेलं एक करपलं पान जिभेला लावलं, अर्धं मला दिलं. खारट! त्याच्या हातचा पहिला घास हा असा.

“झाड मुळातनं मीठ वढतं, त्ये जुन्या पानांत कोंडतं अन् शेंडा राखतं. ही पानं काढली तर मीठ शेंड्याला जातं.”

तीन ओळींची करपली पानं मी आधीच खुडली होती. आठवड्यात त्यांचे शेंडे जळाले. मी बांधावर बसून रडले.

“रडू नगा,” तो म्हणाला. “साचल्या पान्याला वाट करू. उरल्याली झाडं जगतील.”

मग रोज काम सुटलं की यायचा. आबा नि तो ओढ्यापर्यंत चर खणायचे, मी माती उपसायची.

“इतकं कशापायी करताय?”

“आमचं रान असंच गेलं. तवा सांगणारं कुनी नव्हतं.”

“येवढंच?”

“न्हाय...” तो फावड्याकडं बघत म्हणाला, “तुमी रागावला, त्ये लई आवडलं.”

मीठ धुऊन चरातून गेलं. उरलेल्या झाडांना वांगी लागली. पहिली पाटी भरली तेव्हा आबांचे डोळे भरून आले.

“पोरा, तुझं उपकार कसं फेडू? माग काय त्ये.”

जोतीराम फावड्याची माती खरवडू लागला. माझाच धीर सुटला.

“आबा, त्यांच्यानं मागनं हुनार न्हाय. मीच मागते. माझं लगीन त्यांच्याशी लावा.”

आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग त्याला म्हणाले, “हिला शेळगावला न्हेनार, का हितंच ऱ्हानार?”

“सारजा म्हनंल तितं,” तो म्हणाला — आणि पहिल्यांदाच माझं नाव घेतलं.