मोहरीएवढी हाक

अम्माच्या मनगटावरच्या श्वासपट्टीने वेळेवर हाक दिली होती. हाक मिळताक्षणी इस्पितळाने गाडी सोडली होती. दोन्हीकडच्या नोंदी तपासल्या, दोन्ही बरोबर निघाल्या. तरीही गाडी विणकर वसाहतीत शिरली तेव्हा उशीर झालेला होता. मग हाक मधल्या मध्ये कुठे अडकली होती?

वैजयंतीने हा प्रश्न घरात कुणाला विचारला नाही. विचारायला माणसंही दोनच उरली होती. एक बाबा. टॉवेलच्या कारखान्यातली सुताची धूळ फुप्फुसात जाऊन त्यांनाही अम्मासारखीच पट्टी लागली होती. दुसरे ताता, म्हणजे अम्माचे वडील. ते जन्मभर दळणवळणाचे शास्त्रज्ञ होते. निवृत्तीनंतर सोलापूरला लेकीजवळ राहायला आले आणि इथल्या लाल बावट्याच्या शाखेचे चिटणीस झाले. लेक गेल्यापासून ते फारसं बोलत नसत. सकाळी चहासाठी चार कप काढत आणि एक परत फळीवर ठेवत.

म्हणून तिने वाटाड्याला विचारलं. वाटाड्या हा वसाहतीतला कमरेएवढ्या उंचीचा यंत्रमानव. घराघरातून निघालेली माहिती योग्य वाटेने पुढे पाठवायची, हे त्याचं काम. पाण्याच्या टाकीजवळच्या खोलीत तो बसलेला असे.

"अम्माची हाक तुझ्याकडूनच गेली ना?"

"हो. सगळं माझ्याकडूनच जातं."

"मग उशीर का झाला?"

"मी ती थांबवून ठेवली होती."

यंत्रमानवाला खोटं बोलता येत नाही. वाईट बातमी जरा हळू सांगावी, हेही त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. वैजू तिथेच पायरीवर बसली. "का?" तिने विचारलं.

"चित्र असो, गाणं असो, हाक असो, जाळ्यातून जाताना त्याची पुडकी होतात (म्हणजे माहितीचे लहान लहान तुकडे). मी पुडक्यावरचा पत्ता बघतो आणि पुढे ढकलतो. पूर्वी जे आधी येई ते आधी जाई. मग शीघ्रजाल कंपनीने नियम बदलला. ज्यांनी जादा पैसे भरले, त्यांची पुडकी आधी. त्या संध्याकाळी क्रिकेटचा सामना होता. दाखवणाऱ्यांनी पैसे भरलेले होते."

"अम्माची हाक केवढी होती?"

"सामना म्हणजे पोत्यांची रांग धरली, तर मोहरीएवढी."

"मोहरी कुठेही मावते."

"मावते. पण एक पोतं गेलं आणि मोहरीची पाळी आली, की मागून दुसरं पोतं यायचं. ते मागून आलं तरी पुढे घ्यायचं, असा नियम आहे. सामना संपेपर्यंत पोती येत राहिली."



थोड्याच दिवसांत शीघ्रजालचा माणूस वसाहतीत आला. झालं ते फार वाईट झालं, असं म्हणाला. कंपनी आता आजारी माणसांसाठी 'आरोग्यवाट' देणार होती, तीही फुकट. पट्टीची हाक सामन्याच्याही आधी जाणार. फक्त पट्टी कंपनीच्या यादीतल्या इस्पितळाची हवी. वसाहतीला बरं वाटलं. लाल बावट्याने मात्र सांगितलं, आम्हाला ही वाट नको. रविवारी सभेत हात वर करून काय ते ठरेल.

त्या दिवशी जेवताना बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि तातांकडे पाहिलं.

"मामा, ॲम्ब्युलन्सला रस्त्यात सगळे वाट देतातच ना? मग पट्टीच्या हाकेला नको का?"

"रस्त्यावर कुठल्याही ॲम्ब्युलन्सला वाट मिळते, अंबादास. कुणाला द्यायची ते कायदा ठरवतो. इथे यादी कंपनीची आहे. उद्या त्यातून तुझ्या इस्पितळाचं नाव काढलं तर विचारणार कुणाला?"

"उद्याचं उद्या. माझा श्वास आजचा आहे."

वैजू मनातून बाबांच्या बाजूने होती. एक पट्टी शांत झालेली तिने पाहिली होती. दुसरी तिला पाहायची नव्हती. आणि पक्षाच्या पत्रकाने तिची समजूत पटणं शक्यच नव्हतं. 'मक्तेदारी भांडवलाच्या वर्चस्वाविरुद्ध जालसमतेचा लढा तीव्र करा,' असं त्यावर छापलं होतं. शेजारच्या ललिताअक्का म्हणाल्या, "हे वाचून माणूस थेट कंपनीकडेच पळेल."

वैजू पुन्हा टाकीजवळ गेली.

"आरोग्यवाट आली की बाबांची हाक लगेच जाईल?"

"जाईल."

"आणि ललिताअक्कांच्या आईची? तिची पट्टी आपल्या सहकारी दवाखान्याची आहे."

"तो यादीत नाही. तिची हाक आरोग्यवाटेच्या मागे, सामन्याच्याही मागे."

वैजूने जरा विचार केला. "आणि वेगळी वाट काढलीच नाही, उलट तो पैशांचा नियमच काढून टाकला तर? सगळे एका रांगेत?"

"तर दोघांच्याही हाका पापणी लवायच्या आत जातील. मोहऱ्याच आहेत त्या."

"म्हणजे वाट लागतच नाही?"

"लागत नाही. मागे ढकलू नका, एवढंच लागतं."

"मग ते फुकट वाट कशाला देतायत?"

"ते मला सांगितलेलं नाही," वाटाड्या म्हणाला.

ते वैजूला घरी येता येता समजलं. वाट दिली की मागे ढकलायचा नियम तसाच राहतो, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. उलट लोक आभार मानतात.

रविवारी तिने वाटाड्याला सभागृहाच्या एकुलत्या एका दारात आणून उभं केलं आणि एक नियम सांगितला. ज्याच्या खांद्यावर टॉवेल, तो आधी. वसाहत विणकरांची, तेव्हा टॉवेल पुष्कळ होते. ललिताअक्का सगळ्यांच्या आधी आल्या होत्या, पण त्यांच्या खांद्यावर पदर होता.

"थांबा," वाटाड्या म्हणाला. "टॉवेलवाले आधी."

अक्का हसून थांबल्या. दोघे आत गेले. अक्कांनी पाऊल टाकलं तोच मागून तिसरा आला. "थांबा." मग कारखान्याची पाळी सुटली आणि माणसं येतच राहिली. अक्कांचं हसू गेलं.

"अरे डब्या, मी कधीची उभी आहे. मला एकटीला आत शिरायला जागा ती केवढी लागते?"

"अम्मालाही एवढीच लागत होती," वैजू म्हणाली.

आत बसलेले दाराकडे वळले. ती पुढे म्हणाली, "अक्का, मी बाजूची भिंत फोडून तुमच्यासाठी वेगळं दार काढून देते. फुकट. चालेल?"

"भिंत कशाला फोडतेस बाई? ह्याला सांग, मागून आलेल्याला पुढे घेऊ नको म्हणून."

कुणीतरी हसलं. तातांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही तो हातातच धरून ठेवला. मग म्हणाले, "जालसमता म्हणजे हेच (जाळ्यात कुणाचीही माहिती पैसे बघून पुढे घ्यायची नाही, मागे ढकलायची नाही). आपला पक्ष याचाच कायदा मागतोय. मी ते पानभर लिहिलं आणि कुणाला कळलं नाही."

बाबा उभे राहिले. जरा श्वास घेतला. "पटलं. पण हा कायदा व्हायला वेळ लागणार. तोवर माझी हाक अडकली तर?"

"अडकू शकते," ताता म्हणाले. "तुला खोटं सांगणार नाही."

ललिताअक्का दारातूनच बोलल्या. "ज्या घरात पट्टी आहे, तिथे रोज पाळीपाळीने कुणीतरी बसायचं. पट्टी लाल झाली की जाळ्याची वाट बघायची नाही. रिक्षा काढायची. माझ्या आईकडेही या, अंबादासकडेही जा." नावं द्यायला पुढच्या रांगेतले तिघे तिथेच उठले.

मग तातांनी ठराव मांडला: आरोग्यवाट नको, पैशांचा नियमच काढून टाका. बरेच हात वर गेले. सगळे नाही. ज्यांचे हात खाली राहिले, त्यांच्याकडे बघायचं वैजूने टाळलं. बाबांचा हातही अजून मांडीवरच होता. तो त्यांनी सावकाश उचलला. बाही खाली घसरली आणि मनगटावरची पट्टी सगळ्यांना दिसली.

"आता हे विधानसभेत जाणार?" वैजूने तातांना विचारलं.

"आपले आमदार पुढच्या अधिवेशनात विधेयक आणतील (म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा). संख्या फार नाही आपली. पहिल्या वेळी ते पडेल."

"मग?"

"मग दुसऱ्या वेळी आणू. इचलकरंजी आणि मालेगावच्या वसाहतींतही सभा लागल्यात. तोवर माणसं वाढतील."

"आणा," बाबा हात खाली घेत म्हणाले. "तोवर मी टिकायचं बघतो."