आकिबचं रान

देवळाली प्रवराच्या शिवारात रानाला घरातल्या माणसाचं नाव देऊन टाकायची रीत आहे. ऊस नोंदणीच्या ऑफिसात सुमैराचं डोकं या रीतीनंच उठवलं होतं. साहेबांना गट नंबर हवे होते आणि लोकांनी लिहून दिलं होतं, ‘बनुबाईचं रान’, ‘बनुबाईचं वावर’, ‘बनुबाईचा तुकडा’. जमीन एकच.

एकेक नोंद बदलत बसायला ती काही खुळी नव्हती. एक्सेलच्या शेजारच्या रकान्यात तिनं एकात एक ‘सब्स्टिट्यूट’, म्हणजे शब्द बदलायचे फॉर्म्युले घातले. आधी ‘चं रान’, ‘चं वावर’, ‘चा तुकडा’ उडवायचं, मग उरलेल्या नुसत्या नावाच्या जागी गट नंबर. बनुबाई म्हणजे १०७. आकिब म्हणजे २१४. ते सुमैराच्या घरचंच रान, धाकटा भाऊ झाला त्या साली घेतलेलं आणि त्याचंच नाव दिलेलं. फॉर्म्युला खाली ओढला आणि सगळा रकाना नंबरांनी भरला. सुमैरा स्वतःवरच खूश झाली.

दुपारी छगनकाका नोंदीची पावती न्यायला आले. भलत्याच घाईत होते.

“लवकर दे पोरी. एकशे सातला ताप हाय, दवाखान्यात न्यायचीय.”

“कुणाला?”

“आमच्या मंडळीला.”

“बनुमावशीला?”

“कोन बनुमावशी?”

त्यांचा चेहरा थट्टा करणाऱ्या माणसाचा नव्हता.

ते गेल्यावर तिनं शीट पाहिलं. फॉर्म्युला मूळ रकान्याला हात लावत नाही, हे तिनं झोपेतही सांगितलं असतं. पण मूळ रकान्यातही नंबरच होते. तिनं फॉर्म्युला पुसला, फाईल बंद करून पुन्हा उघडली. नंबर तसेच.

भावाला फोन लावायला मोबाईल उचलला, आणि त्याचं नाव काही केल्या आठवेना. ती डोळे मिटून आठवत राहिली. आठवलं तसं तिनं ते पेनानं तळहातावर गिरवलं आणि स्कूटी काढली.

भाऊ अंगणात नळावर पाय धूत होता. धडधाकट, नेहमीसारखा शीळ वाजवत.

अम्मीनं आतून मायेनं हाक मारली, “दोनशे चौदा, चल बेटा, चा निवतोय.”

“आलो, अम्मी.”

सुमैराला रडूच फुटलं. तिनं त्याच्यापुढे तळहात धरला.

“वाच.”

त्यानं ओले हात विजारीला पुसले आणि अक्षर अक्षर लावत वाचलं.

“आ-कि-ब.”

मग दाराकडे बघून तो हसला, आवाज खाली आणला.

“कोन हाय गं हा, आपा? अम्मीला म्हाईत हाय का?”