उमेदीची भिशी

सुलक्षणा मगदूमच्या खानावळीत त्या दुपारी अख्खा मसूर होता. लोखंडी कढईत लसणाची फोडणी चरचरली तसे बाहेर पायऱ्यांवर बसलेले नातेवाईक आपसूक आत सरकले. मिरजेला माणूस उपचाराला येतो तो एकटा येत नाही, त्याच्यामागं जेवायला चार जण येतात, आणि सुलक्षणाचं सगळं दुकान या चौघांवर चाललेलं. कोण किती भाकरी मोडतो यावरून दवाखान्यात काय चाललंय ते तिला डॉक्टरच्या आधी कळायचं. चार भाकरीवाला दोनवर आला की ऑपरेशन उद्यावर आलेलं असायचं. दोनवाल्यानं पाचवी मागितली की पेशंट सुटला म्हणायचं. कसा सुटला ते विचारायचं नाही.

एवढा घमघमाट सुटलेला, पण कढईवर झुकलेल्या सुलक्षणाच्या तोंडाला पाणी सुटत नव्हतं. वीस वर्षं ती 'चव बघते' म्हणत रोज एक जास्तीचं जेवण जेवली होती. आता मीठ ती नुसत्या अंदाजानं टाकायची. पदराखाली, दोन्ही कानांमागं, बांगडीएवढ्या जाडीची एक करडी पट्टी खोवलेली होती आणि तिच्यावर बारीक हिरवा दिवा जळत होता.

"काकी, तुम्ही जेवला?" पंगतीतल्या एकानं विचारलं.

"तुझ्याकडं बघूनच पोट भरलं," ती म्हणाली. लोक हसले. तिला हसू आलं नाही. पण गिऱ्हाईक हसलं की दही मागतं हे तिला ठाऊक होतं.

पट्टीचं असं होतं. सुलक्षणाची साखर हाताबाहेर गेली होती, गुडघे बोलायला लागले होते आणि डाव्या पायाची दोन बोटं बधिर झाली होती. जठर लहान करायचं ऑपरेशन हा एकच मार्ग उरला होता. खाजगीत तेच करायचं तर खानावळ विकावी लागली असती. धर्मादाय दवाखान्यात ते जवळजवळ फुकट व्हायचं, पण अटी होत्या. ठरलेल्या तारखेपर्यंत वजन उतरलं पाहिजे, यकृतावरची चरबी विरघळली पाहिजे, नाहीतर पोटात दुर्बीण घालायला जागाच होत नाही. तारीख हुकली की नाव यादीच्या शेपटाला, म्हणजे तीन वर्षं. "तीन वर्षं तुम्ही थांबाल हो," डॉक्टर सौंदत्ते म्हणाले होते, "पाय थांबणार नाही."

भूक मारायची औषधं निघाली होती, ती महाग होती. पण सगळ्यांत महाग झाली होती ती उमेद. मेंदूच्या तळाशी शेंगदाण्याएवढा एक भाग असतो. एखादी गोष्ट कष्ट करण्याजोगी आहे की नाही, हे तो ठरवतो. तो जागा असला की माणूस पहाटे उठून चालतो, झोपला की 'उद्यापासून' म्हणतो. त्या भागातून उठणारी लहर टिपता येते आणि दुसऱ्याच्या डोक्यात वाजवता येते, असा शोध लागून सात-आठ वर्षं झाली होती. आता कंपन्या तयार उमेद कुपीत भरून विकत होत्या. धर्मादाय दवाखाना मात्र अनामत घेऊन नुसती रिकामी पट्टी द्यायचा. पूर्वी रक्ताची बाटली हवी असली की 'तुमचा माणूस आणा' म्हणायचे, तसं आता 'तुमची उमेद आणा' म्हणत.

सुलक्षणाचा माणूस वारला होता. जिवंत असता तरी त्याच्याकडं उमेद मागायला कोणी गेलं नसतं.

"पैशाची भिशी चालते, मग उमेदीची का चालू नये?" असं म्हणाली ती आवटीकाकू. गल्लीतल्या सहाजणींची भिशी ती बावीस वर्षं चालवत होती आणि कुणाच्या घरी हप्त्याच्या दिवशी ताप आलेलाही तिला चालत नसे. "पहिला नंबर सुलक्षणाचा, चिठ्ठी टाकायची नाही. एकेकीनं एकेक आठवड्याची उमेद द्यायची. नंतर जिला लागेल तिला सुलक्षणा फेडेल. हप्ता चुकवायचा नाही, आणि फाटकी नोट चालायची नाही."

उमेद द्यायची म्हणजे दवाखान्यात खुर्चीवर तासभर डोळे मिटून बसायचं. आपल्याला सगळ्यांत जास्त काय हवंय ते मनात आणायचं. पट्टी लहर ओढून घेते आणि मेंदूला वाटतं, काम झालं. पुढं आठवडाभर देणारी बाई चरकातून निघालेल्या चिपाडासारखी हिंडते. मग हळूहळू भरून येतं, असं तिथली बाई सांगायची.

पहिला आठवडा आवटीकाकूच्या उमेदीवर गेला. सुलक्षणा पहाटे उठून तळ्याला फेऱ्या मारायची, उकडलेले मूग खाऊन उठायची, आणि जाता-येता लोकांची कुंपणं निरखायची. काकूंचा शेजाऱ्याशी भिंतीवरून वाद चालू होता हे नंतर तिच्या लक्षात आलं. वैजूनं दिलेली उमेद दुपारी तीनपर्यंतच पुरायची. वैजूनं सोफा मनात आणला होता. बाकीच्या दोघींचंही असंच काहीतरी, हप्त्यापुरतं. वजन मात्र उतरत होतं. सुलक्षणाला त्याचा आनंद झाला का? झाला असावा. दुसऱ्याच्या उमेदीवर चालताना चालणं होतं, पण आनंद ज्याचा त्याच्याकडेच राहतो.

शेवटचा हप्ता शबनमचा. शबनम तांबोळी गल्लीच्या तोंडाशी ब्लाऊज शिवायची. सगळ्यांत कमी बोलणारी हीच. तिची उमेद चढली तशी सुलक्षणा जागची हलली. असला जोर तिनं आयुष्यात अनुभवला नव्हता. ताटाकडं लक्षच जाईना. पण एक विचित्र व्हायचं. एस.टी. स्टँडवरून जाताना पाय वळायचे. कर्नाटकच्या गाड्या लागतात तिकडं जाऊन ती उभी राहायची, हात रिकामे, छातीत ओढ, आणि कुठं जायचं ते काही माहीत नाही.

'जोर जास्त आहे तर अर्ध्यात भागतं,' असा तिनं हिशोब केला. अर्धी लहर तिनं शेवटच्या चार दिवसांसाठी राखली. ते चार दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर काढायचे होते. तिथंच भलेभले घसरतात, असं डॉक्टर म्हणाले होते.

वजन उतरलं तसे ब्लाऊज गळायला लागले. दोन ब्लाऊज आत घ्यायला म्हणून ती शबनमच्या दुकानात गेली. मशीन बंद होतं. शबनमचा पाय पायट्यावर होता, पण पायटा हलत नव्हता. समोर कापलेल्या कपड्यांचा ढीग पडलेला. भिंतीच्या खिळ्याला एक छोटं पिवळं झबलं अडकवलं होतं, त्याला बंद लावायचे राहिले होते.

"हे कुणाचं गं?"

"रुखसारच्या पोरीचं."

सुलक्षणा स्टुलावर बसली. शबनमच्या लेकीनं, रुखसारनं, चार वर्षांपूर्वी घरात न सांगता लग्न केलं होतं आणि तेव्हापासून शबनमच्या घरात ते नाव निघत नव्हतं. "रुखसारला मुलगी झाली?"

"दोन महिने झाले. फोटो पाठवलाय. हुबळीला असतात." शबनमचा आवाज पाढे म्हटल्यासारखा येत होता. "गेल्या शुक्रवारी जाणार होते. यांना न सांगता. तिकीट काढलं होतं."

"मग?"

"राहिलं."

"राहिलं म्हणजे?"

"काय की, अक्का. सकाळी उठले, तयार झाले, चप्पल घातली. मग वाटलं, कशाला जायचं. बसले." ती पायट्याकडं बघत होती. "वाईटपण वाटंना. तेच जरा बरं नाही वाटत."

सुलक्षणाला स्टँड आठवलं. कर्नाटकच्या गाड्या आठवल्या. "शबनम, हप्ता देताना मनात काय आणलंस तू?"

"सगळ्यांत जास्त काय पायजे ते आणा म्हणाली ती बाई. तेच आणलं."

"दुसरं काहीतरी आणायचं की गं! वैजूनं सोफा आणला!"

शबनमनं पहिल्यांदा मान वर केली. "भिशीत फाटकी नोट कशी द्यायची, अक्का?"

बावीस वर्षांत सुलक्षणानंही कधी दिली नव्हती. तिनं पदर मागं सारला, पट्टी काढली आणि शबनमच्या कानांमागं बसवून बटण दाबलं. हिरवा दिवा लुकलुकला. आत किती शिल्लक आहे ते दवाखान्यातल्या यंत्रावरच कळायचं, पट्टीवर नुसता दिवा. दोघी समोरासमोर बसून राहिल्या.

"काय वाटतंय?"

"काय नाही."

"वाटेल. वेळ लागतो."

"आणि तुझे चार दिवस?"

"बघू," सुलक्षणा म्हणाली. पट्टी अनामतीची होती म्हणून तिनं ती परत घेतली आणि घरी खिळ्याला लटकवली.

ते चार दिवस कसे गेले, हे तिला नंतर सांगता आलं नसतं. सांगण्यासारखं काही घडलंच नाही. सकाळी फेऱ्या मारायला जावंसं वाटलं नाही, तरी चपला पायात गेल्या. ताक प्यावंसं वाटलं नाही, तेही प्यायली. पाय बरा व्हावा असंसुद्धा वाटत नव्हतं. बोटं बधिर होती आणि बाकीची सुलक्षणा त्यांच्यासारखीच होत चालली होती. भूक मात्र अस्सल होती, ती पोटात बसून भांडत होती. तिसऱ्या दिवशी पंगत उठल्यावर कढईत तळाचा मसूर उरला. घट्ट, कडेला लागलेला, खरा जाणकार मागून घेतो तो. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, मसुरात बुडवला आणि धरून उभी राहिली. खाऊ नये असं वाटत नव्हतं. खावं असंही नाही. बराच वेळ गेला. मग तिनं तो तुकडा दाराशी बसलेल्या कुत्र्याला टाकला आणि कढई घासायला घेतली.

डॉक्टर सौंदत्ते तरुण होते आणि बोलायला कमी नव्हते. "वा, मगदूमबाई! वजन बसलं, यकृत एकदम मऊ. आता शेवटचं यंत्र." त्यांनी तिच्या कपाळाला गार चकत्या लावल्या. पडद्याकडं बघत राहिले. मग चकत्या काढून पुन्हा लावल्या.

"तुमच्या उमेदीचा आकडा शून्य येतोय."

"असेल."

"असेल काय? ऑपरेशन म्हणजे अर्धंच काम. पुढं जन्मभर मोजून खायचं असतं. आकडा नसला तर दवाखान्याची समिती ऑपरेशनला पाठवत नाही. पोट पुन्हा ताणतं, म्हणतात." त्यांनी तिच्या पिशवीतली पट्टी काढून यंत्राला जोडली आणि त्यांचा चेहरा खुलला. "अहो, यात अर्धी लहर शिल्लक आहे! दोन मिनिटं लावा, आकडा चढतो, मी सही करतो. सगळेच करतात."

"ती शिल्लक नाही. ती मी शबनमला परत दिली."

"जिची तिला परत लागत नाही, बाई. स्वतःच्या हातानं स्वतःला गुदगुल्या होतात का? तसंच. मेंदू आपली लहर ओळखतो आणि सोडून देतो. थेंबही गेलेला नाही."

सुलक्षणा पट्टीकडं बघत राहिली. म्हणजे शबनम तशीच असणार, पायट्यावर पाय ठेवून. आणि आपण चार दिवस उगीच.

"एक कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "पट्टी भरलेली, तुम्ही रिकाम्या. मग हे चार दिवस काढले कशावर?"

तिच्या पिशवीतला फोन वाजला. शबनम होती. मागं रहदारीचा आवाज, कुणीतरी कानडीत ओरडत होतं.

"अक्का, हुबळीला आले. तिच्या दारात उभी आहे. झबलं आणलंय."

"पोचलीस? वाटलं का मग काही?"

"काय नाही वाटलं. तू पट्टी लावलीस, चार दिवस वाट बघितली, काय झालंच नाही. आज सकाळी चप्पल घातली तर पाय चालत स्टँडवर गेले. आत्तापण काय वाटंना. रडूपण येईना. तिनं दार उघडलं आणि मी अशी दगडासारखी दिसले तर? बेल वाजवू का परत येऊ?"

सुलक्षणानं फोन कानाशी धरला होता. समोर डॉक्टरांनी एका हातात पट्टी पुढं केली होती, दुसऱ्यात पेन. "लावताय ना? का शून्य लिहून पाठवू? शून्य लिहिलं तर समितीपुढं मला भांडावं लागेल, आणि ते ऐकतील असं नाही."

पट्टीवरचा हिरवा दिवा जळत होता. त्यात पिवळं झबलं होतं, चार वर्षं होती, हुबळीची गाडी होती. दोन मिनिटांचं काम.

तिनं स्वतःच्या आत डोकावून पाहिलं. तिथं दोघांना देण्याजोगं काहीही नव्हतं. तिनं हातानंच पट्टी बाजूला सारली.

"शून्य लिहा," ती डॉक्टरांना म्हणाली, आणि फोनमध्ये, त्याच आवाजात, "वाजव."

चकत्या अजून तिच्या कपाळावर होत्या. डॉक्टरांनी घाईनं पडद्याकडं पाहिलं. आकडा हलला नव्हता. फोनमधून बेल वाजल्याचा आवाज आला, मग शांतता, मग आतून कुणाचीतरी पावलं. पेन कागदावर टेकवून डॉक्टर तसेच थांबले होते. एवढं महाग यंत्र इतकी वर्षं माणसाच्या डोक्यात नेमकं काय मोजत होतं?