रिकाम्या गाडीचं वजन

गिरिधर धांडे माणसाचा चेहरा विसरायचा, गाडीचं वजन मात्र कधीच विसरला नाही. रस्त्यात एखादा ड्रायव्हर "राम राम साहेब" म्हणाला की हा खुळ्यासारखा त्याच्याकडे बघत राहायचा. मग त्याच्या मागे उभा असलेला ट्रक दिसला की चेहरा उजळायचा. "हां, हां! पाच हजार दोनशे दहा!" ड्रायव्हर हसायचे. त्यांना वाटायचं साहेब थट्टा करतात. साहेब थट्टा करत नसत, तो त्यांचा स्वभावच नव्हता.

कन्हानजवळच्या कोळसा खाणीच्या वजनकाट्यावर त्यानं चौदा वर्षं कारकुनी केली. काम साधं होतं. गाडी आधी रिकामी तोलायची, मग भरून तोलायची, मधला फरक तो कोळसा. यात चोरी करायची युक्तीही एकच आणि फार जुनी. रिकामी गाडी तोलताना आत एखादा माणूस दडवून बसवायचा आणि भरलेली तोलताना त्याला बाहेर ठेवायचा. तेवढ्या वजनाचा कोळसा फुकटात घरी. म्हणून नियम असा होता की गाडी काट्यावर आली की आतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं. कवडू नावाचा काट्यावरचा म्हातारा हमाल पायदानावर चढून केबिनमध्ये डोकावायचा, दारावर थाप मारायचा आणि ओरडायचा, "उतरले!" ते ऐकल्याशिवाय गिरिधर दांडीला हात लावत नसे. लंगडा असो, लेकुरवाळी बाई असो, मालकाचा जावई असो, सूट नाही. ड्रायव्हरांनी त्याचं नावच पाडलं होतं, उतरा साहेब.

आता असा माणूस चाळिशीला आल्यावर चांगली कायमची नोकरी सोडून ट्रक चालवायला निघाला, तेव्हा नागपुरातल्या महाल भागातल्या त्यांच्या गल्लीत लोकांनी तोंडात बोटं घातली. हे एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यातलं. कारण विचारलं तर त्याला धड सांगता येत नव्हतं. चौदा वर्षं त्याच्या खिडकीसमोरून गाड्या येत होत्या, रायपूरला जात होत्या, जबलपूरला जात होत्या, आणि हा त्याच खुर्चीत. रिकाम्या वेळेत ड्रायव्हरांकडून तो गाडी शिकला, लायसन काढलं, आणि घरात कुणाला सांगितलंच नाही.

"काहून पण?" शामला म्हणाली. ती त्याची बायको. ती रडली नाही, ओरडली नाही, फक्त पोळी तव्यावर विसरली. "काय कमी होतं तिथं?"

"कमी नव्हतं काही. मी नुसता बसून राहिलो होतो ना वं."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? उतरा साहेब चढला म्हणतील."

ही त्याच्या आयुष्यातली पहिली थट्टा. शामलाला हसू आलं नाही.

फंड काढून त्यानं कामठी रोडवरच्या गणपतरावांकडून जुना सहाचाकी ट्रक घेतला. गणपतराव जुन्या गाड्या रंगवून विकत. गाडी निळ्या रंगात नुसती चकचकत होती. गिरिधरनं कागद उघडले आणि रिकाम्या वजनाच्या रकान्यावर त्याचं बोट थांबलं. पाच हजार चारशे तीस.

"ही गाडी पहिले हिरवी होती का?" त्यानं विचारलं.

गणपतराव पान चघळत होते, ते थांबले. "होती. तुम्हाले कसं माहीत?"

गिरिधरनं दाराचा निळा रंग नखानं खरवडून पाहिला. ही विश्वनाथची गाडी. विश्वनाथ स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर, कामठीचा. पाच वर्षांपूर्वी मे महिन्यात याच गाडीत, याच स्टेअरिंगवर डोकं टेकून तो गेला होता. पण लोखंडाला काय त्याचं, असं गिरिधरनं स्वतःला बजावलं. इंजिन ठणठणीत होतं, दुसरी गाडी आवाक्यातली नव्हती. त्यानं सही केली. शामलाला यातलं अक्षरही सांगितलं नाही.

काम जुन्या खाणीतच मिळालं. कन्हानहून कोळसा भरायचा आणि नागपुरातल्या टालीवर, कोळशाच्या वखारीत, नेऊन टाकायचा. पल्ला जवळचा, त्यामुळे क्लीनरही ठेवला नाही. पहिल्या दिवशी गाडी काट्यावर चढवताना त्याची छाती फुलून आली होती. खिडकीत आता मधुकरराव होता, गिरिधरनंच हाताखाली तयार केलेला पोरगेलासा कारकून.

"उतरा साहेब, उतरा!" मधुकररावनं हसत हाक दिली. गिरिधर हसत उतरला. कवडू पायदानावर चढला, डोकावला, थाप मारून ओरडला, "उतरले!"

मधुकररावनं वजनं सरकवली, परत सरकवली. मग खिडकीतून डोकं काढलं.

"कागदापेक्षा साठ किलो जास्त हाय."

"चिखल असेल चाकाला," गिरिधर म्हणाला. फेब्रुवारीतला कोरडा ठणठणीत दिवस होता. तिघंही चाकांकडे बघत राहिले.

पहिल्या दिवशी मधुकररावनं सोडून दिलं. गिरिधरनं घरी जाऊन जॅक काढला, पाने काढले, पाण्याचा डबा काढला, जादा चाकसुद्धा उतरवलं. दुसऱ्या खेपेला सामान उतरवल्याइतकं वजन उतरलं, आणि त्या हिशोबानंही वर राहिले ते साठच. काटा बिघडला म्हणावं तर पुढच्या मागच्या गाड्या बरोबर तोलल्या जात होत्या. गिरिधरनं कामठी रोडच्या धरमकाट्यावर जाऊन गाडी तोलून घेतली. तिथंही साठ.

कारकुनाचा स्वभाव, तो घाबरण्याआधी तपासतो. त्यानं सीट खोलली, काथ्या उसकटून पाहिला. चेसिसखाली झोपून हातभर जागा सोडली नाही. लोखंड होतं तेवढंच होतं. मग त्यानं आणखी एक गोष्ट तपासली आणि तिथं मात्र त्यानं हात झटकन मागे घेतला. थंडी अजून सरली नव्हती. सकाळी रेक्झिनच्या सीटवर हात ठेवला की थंडगार लागायला हवी. क्लीनरच्या बाजूची सीट तशी लागे. ड्रायव्हरची सीट गरम असायची. उन्हानं तापते तशी नाही. मघापासून कुणी तापानं फणफणलेलं तिथं बसलं होतं आणि आत्ताच उठलं, तशी गरम आणि दमट. रोज त्या ओलीवर पाठ टेकून गाडी चालू करायची. शर्ट पाठीला चिकटायचा आणि तो घाम त्याचा नसायचा.

मार्च उलटला. काट्यावर कुजबुज सुरू झाली. चौदा वर्षं ज्यानं लोकांचे साले-मेहुणे खाली उतरवले, तोच आता काहीतरी दडवून आणतो म्हणे. चहाच्या टपरीवर गिरिधर आला की ड्रायव्हर गप्प व्हायचे. एकानं तर हसून विचारलं, "साहेब, कोनाले बसवता हो? आमालेबी शिकवा नं." गिरिधरनं भरलेला कप तसाच खाली ठेवला. त्याला फार लागलं ते. नोकरी सोडली तरी त्याचं नाव त्याच्यापाशी होतं. आता तेही चाललं होतं.

त्याच आठवड्यात त्याच्या ध्यानात आलं की कवडू थाप मारत नाही. पायदानावर चढतो, डोकावतो आणि खाली उतरून नुसतं म्हणतो, "रिकामी हाय."

त्यानं कवडूला बाजूला घेतलं. "काहून रे, 'उतरले' म्हणत नाही आता?"

कवडू टॉवेलानं मान पुसत राहिला. "केबिनमंदी कोनी दिसत नाही साहेब. म्हून रिकामी म्हंतो."

"मग उतरले म्हण ना."

"ते नाही म्हनवत," कवडू म्हणाला. "म्या जलमभर खोटी थाप मारली नाही."

एप्रिलच्या शेवटी मधुकररावनं लेखी दिलं. यापुढे एकदा जरी रिकामं वजन जुळलं नाही, तर गाडीचं नाव यादीतून कायमचं कटेल आणि फाटकावर तसं लिहून लावलं जाईल. गिरिधरनं कागद घरी नेला. शामलानं तो वाचला आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चोर म्हणतील तुम्हाले. मले चालणार नाही ते."

तेव्हा त्यानं तिला विश्वनाथचं सांगितलं. पाच वर्षांपूर्वीची ती दुपार. विश्वनाथची हिरवी गाडी काट्यावर उभी होती आणि तो स्टेअरिंगला धरून बसला होता. डोळे लाल, अंगाला घोंगडी, मे महिन्यात. "साहेब, ताप आहे. उतरवत नाही. आज बसू द्या." गिरिधरनं खिडकीतून मानही वर न करता सांगितलं होतं, "उतरा." तो दार धरून, पायदान चाचपत एकटाच उतरला. कुणी हात दिला नाही. वजन होईस्तोवर उन्हात उभा राहिला, मग कसाबसा चढला आणि पुढे कन्हानच्या पुलाच्या अलीकडेच गेला.

"नियम होता," गिरिधर म्हणाला.

शामलानं कागद खाली ठेवला. "वजन काय होतं त्याचं?"

"माणसांचं आम्ही नाही करत," तो म्हणाला. पण अंदाज त्याला होता. किरकोळ बांध्याचा माणूस. साठ असेल.

त्यानंतर गाडी दारातच उभी राहिली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो शेवटची खेप घालायला निघाला तेव्हा त्याच्या अंगात ताप होता. आदल्या दिवशी ऊन लागलं होतं. शामलानं खिशात कांदा घालून दिला, जाऊ नका म्हणाली. पण न जाणं म्हणजे कबूल करणं, असं त्याला वाटलं. काट्यावर पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला होता. पत्रे उन्हानं तडतडत होते, कोळशाची धूळ हवेत जिथल्या तिथं उभी होती. सीट पाठीला भाजत होती. आज ताप नेमका कुणाचा, हे त्याला सांगता आलं नसतं.

"उतरा!" मधुकरराव खिडकीतून म्हणाला. आज हसला नाही.

गिरिधरनं दाराला हात घातला. पाय हलेनात.

"मधुकरराव," त्याच्या तोंडून निघालं, "ताप आहे. उतरवत नाही. आज बसू द्या."

आणि आपण काय बोललो हे त्याला कळलं.

मधुकररावनं मान वर केली नाही. "तुमीच शिकवलं साहेब. उतरा."

तो उतरला. दार धरून, पायदान चाचपत. कुणी हात दिला नाही.

मधुकररावनं दांडी धरली. सरकवली. मान हलवली.

"साठ."

कवडू खाली बघत होता. मागच्या गाड्यांचे ड्रायव्हर उतरून जवळ आले होते. फाटकावर लिहिलेलं आपलं नाव गिरिधरला आत्ताच दिसायला लागलं.

तो काट्याच्या कडेबाहेरूनच उघड्या दाराशी परत गेला. केबिन रिकामं होतं. सीटचा मधला भाग खोल दबलेला होता.

"विश्वनाथ," तो हळूच म्हणाला, "चुकलं गा माझं. मी हात द्यायला पाहिजे होता."

त्यानं हात पुढे केला. आजारी माणसाला उतरवताना करतो तसा, खांदाही पुढे केला.

"ये. सावकाश. मी धरतो तुले."

सीटची स्प्रिंग करकरली आणि वर आली.

आत खिडकीत मधुकररावची दांडी खाडकन हलली. त्यानं वजन मागे सरकवलं, आणखी मागे.

"पाच हजार चारशे तीस," तो म्हणाला. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बरोबर! पाच हजार चारशे तीस!"

कवडू पायदानावर चढला. आत डोकावला. दीड महिन्यानं त्यानं दारावर खणखणीत थाप मारली.

"उतरले!"

ड्रायव्हर पांगले. कुणीतरी गिरिधरला पाणी आणून दिलं, कुणी त्याची गाडी भरायला लावली. त्याचं नाव राहिलं, गाडी राहिली. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं. फक्त खांदा भरून आला होता आणि सावलीपर्यंतची दहा पावलं चालता चालता त्याला दम लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शामला त्याला महालातल्या दवाखान्यात घेऊन गेली. पायऱ्या चढताना तो दोनदा थांबला. ताप एकशे तीन होता. डॉक्टरांनी आतून सांगितलं, आधी वजन घ्या. कोपऱ्यात उभं राहायचा लहानसा काटा होता. गिरिधर त्यावर चढला. आपण एकोणसाठ, हे त्याला ठाऊक होतं.

कंपाउंडर कागदावर नाव लिहीत होता. त्यानं खाली वाकून तबकडी पाहिली आणि पेन थांबवलं. वर न बघताच तो वैतागून म्हणाला,

"असे दोघं दोघं नका चढू हो. एकानं खाली उतरा."

शामला समोरच्या बाकावर औषधाची रिकामी बाटली मांडीवर घेऊन बसली होती. ती तशीच बसून राहिली.

गिरिधर काट्यावरून हलला नाही. त्यानं उजवा हात बाजूला धरला होता, कुणाला सावरावं तसा.

"राहू द्या," तो म्हणाला. "ताप आहे त्याले."